नदीचा हजेरीपट : सूक्ष्म जीवांच्या साक्षीने पाणी ओळखण्याचा इतिहास

१/ नदीच्या प्रदूषणाविषयीचा कोणताही सरकारी अहवाल उघडला की त्यात आकडे दिसतात. विरघळलेला ऑक्सिजन इतका, बीओडी इतकी, कोलिफॉर्म जिवाणू इतके. सुमारे एकशे दहा वर्षांपूर्वी बर्लिनमधील एखाद्या तज्ज्ञाने असाच अहवाल लिहिला असता, तर त्यात मुख्यतः नावे असती. पाण्याच्या थेंबात कोण हजर होते, कोण गैरहजर होते, कोणाची गर्दी झाली होती, याची ती नोंद असती. नदी ओळखण्याच्या या दोन रीतींपैकी एक आपल्या कायद्यात आली. दुसरी प्रयोगशाळांच्या कोपऱ्यात राहिली. असे का झाले आणि त्यात आपल्या हातून काय निसटले, हे या धाग्यात पाहू.

२/ प्रथम या कथेतील पात्रांची ओळख. आदिजीव, म्हणजे प्रोटोझोआ, हे एकाच पेशीचे सूक्ष्म जीव. गोड्या पाण्यातील बहुतेक आदिजीव मिलिमीटरच्या शतांशापासून काही दशांशांपर्यंत लांबीचे असतात. काही अमीबासारखे छद्मपाद पसरून सरकतात. काही युग्लीनासारखे चाबकाच्या दोरीसारख्या कशाभिकेने पोहतात. पॅरामिशियमसारख्यांच्या अंगावर पक्ष्माभिका नावाच्या सूक्ष्म केसांची दाट लव असते. यांतील पुष्कळांचे मुख्य अन्न म्हणजे जिवाणू. ही एक गोष्ट लक्षात ठेवावी; पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

३/ या जगाचे दार प्रथम उघडले ते एका कापडव्यापाऱ्याने. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराच्या अँटनी व्हान लेव्हेनहुक याने १६७४ साली जवळच्या एका सरोवराचे पाणी काचेच्या नळीत भरून आणले. हिवाळ्यात ते पाणी नितळ असे. उन्हाळ्यात पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढग तरंगत. गावकरी त्याचा दोष दवाला देत. लेव्हेनहुकने स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले, तेव्हा त्यात हिरवे तंतू आणि चपळ हालचाली करणारे सूक्ष्म प्राणी दिसले. रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने हे कळवले.

४/ या पहिल्या निरीक्षणाची सुरुवातच ‘पाणी गढूळ का होते?’ या प्रश्नाने झाली होती. पुढील दीडशे वर्षे मात्र निसर्गाभ्यासकांचे लक्ष वर्गीकरणाकडे वळले. डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिक म्यूलरचा या जीवांवरील मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८३८ मध्ये जर्मनीच्या क्रिस्टियान एरेनबर्गने भव्य चित्रग्रंथ काढला. या जीवांना अनेक जठरे असतात असे एरेनबर्गचे ठाम मत होते. ते चुकीचे ठरले, पण त्याच्या चित्रांमुळे कोणता जीव कोणता हे दूरच्या देशांतील माणसांनाही पडताळून पाहता येऊ लागले. हजेरी घ्यायची तर आधी नावे हवीत. ती आता तयार होती.

५/ या नावांचा उपयोग शहराच्या पाण्याची परीक्षा घेण्यासाठी झाला तो लंडनमध्ये. १८४८-४९ च्या कॉलऱ्याने त्या शहरात चौदा हजारांहून अधिक माणसे मरण पावली होती. नऊ खासगी कंपन्या शहराला पाणी विकत. त्यांतील अनेक कंपन्या ते थेम्स नदीतून उचलत आणि शहराचा मैलाही त्याच नदीत जाई. आर्थर हिल हॅसल हा डॉक्टर गोड्या पाण्यातील शैवालांचा जाणकार होता. १८५० साली त्याने लंडनकरांना पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले आणि रंगीत चित्रांसह ते छापले.

६/ त्या चित्रांनी खळबळ उडाली. घरच्या पेल्यातील पाण्यात वळवळणारे जीव पाहून लोक हादरले. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्याच वर्षी लंडनच्या पाण्याच्या थेंबावर व्यंगचित्र काढले. हॅसलचा युक्तिवाद मात्र किळसेपुरता मर्यादित नव्हता. हे जीव ज्यावर जगतात ते सेंद्रिय द्रव्य पाण्यात असल्याशिवाय ते तेथे टिकणारच नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्यांची गर्दी हा घाणीचा पुरावा. पाण्यातील जीव हे पाण्याच्या स्थितीचे दर्शक असतात, ही कल्पना येथे सार्वजनिक वादात उतरली.

७/ यावर उलट बाजूचा तर्कही तितकाच चलाख होता. हे जीव सडके द्रव्य खातात ना? मग ते पाणी स्वच्छ करत आहेत. त्यांची भीती कशाला? आज मागे वळून पाहिले तर दोन्ही पक्षांच्या हाती अर्धे अर्धे सत्य होते असे दिसते. आदिजीव घाणीची खूण असतात आणि ती घाण निवारणारे मजूरही असतात. हा पेच ‘पाण्यात जीव आहेत की नाहीत’ एवढ्याच प्रश्नाने सुटणारा नव्हता. तो सुटायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

८/ राजकीय परिणाम मात्र लवकर झाला. १८५२ च्या कायद्याने पाणी कंपन्यांना टेडिंग्टनच्या खालच्या, भरती-ओहोटीच्या थेम्समधून पाणी उचलण्यास बंदी केली. त्यासाठी १८५५ पर्यंतची मुदत दिली आणि घरगुती पाणी गाळून देणे सक्तीचे केले. हे यश एकट्या हॅसलचे नव्हे. कॉलऱ्याची दहशत आणि आरोग्य सुधारकांचा रेटा त्यामागे होता. तरीही कायदा घडवणाऱ्या चर्चेत सूक्ष्मदर्शकाची साक्ष नोंदली गेली होती, हे महत्त्वाचे.

९/ जॉन स्नोची कथा अनेकांना ठाऊक असते : १८५४ मधील ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि कॉलऱ्याचा उगम. त्या पंपाचे पाणी स्नोने हॅसललाच तपासायला दिले होते. हॅसलला त्यात अगदी लहान अंडाकृती जीव मोठ्या संख्येने दिसले. स्नोने आपल्या ग्रंथात त्यांची नोंद केली, परंतु पाण्यात सेंद्रिय द्रव्य असल्याचा आणखी एक पुरावा, यापलीकडे त्यांना महत्त्व दिले नाही. रोगाचे कारण आणि घाणीची खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक त्या नोंदीत आहे.

१०/ याच काळात मुंबईतही कोणीतरी थेंबात डोकावत होते. हेन्री जॉन कार्टर हा मुंबईच्या लष्करी सेवेतील डॉक्टर. नळाचे पाणी येण्यापूर्वीची मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही आजची नावे त्याच काळाची आठवण आहेत. कार्टरने मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील स्पंजांचा अभ्यास १८४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८५६ मध्ये येथील सूक्ष्म जीवांच्या रचनेवर सविस्तर टिपणे लिहिली. ती लंडनच्या निसर्गविज्ञान नियतकालिकात छापली गेली. १८५९ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

११/ कार्टरची नजर शरीररचनेकडे होती. पेशीत काय असते, पुनरुत्पादन कसे होते, हे त्याचे प्रश्न. तलावांचे पाणी आणि नारूचा रोग यांचा संबंधही तो शोधत होता. परंतु लंडनमध्ये हॅसलच्या चित्रांना जशी वादसभा मिळाली, तशी कार्टरच्या टिपणांना मुंबईत मिळाली नाही. मुंबईच्या पाण्याचा प्रश्न अभियंत्यांनी सोडवला : मिठी नदीच्या उगमाकडील प्रवाह अडवून विहार तलाव बांधला गेला आणि १८६० मध्ये त्याचे पाणी शहरात आले. कार्टर लवकरच मायदेशी परतला. मुंबईच्या थेंबातील रहिवाशांची यादी परदेशी नियतकालिकाच्या पानांत राहिली.

१२/ यादीचे रूपांतर पद्धतीत होण्याची सुरुवात ब्रेस्लाऊ येथे झाली. हे शहर आज पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने कॉलऱ्याच्या दिवसांत विहिरींचे पाणी तपासले आणि १८५३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील जीवांवर निबंध लिहिला. त्याचा मुद्दा हॅसलच्या पुढे जाणारा होता. जीव सर्वच पाण्यांत असतात, पण स्वच्छ विहिरीतील जीवसमाज आणि सडक्या विहिरीतील जीवसमाज वेगळे असतात. म्हणून केवळ गर्दी मोजून भागत नाही, माणसे ओळखावी लागतात.

१३/ ही दिशा रुजत असतानाच शास्त्राचा वारा पालटला. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉखने अँथ्रॅक्सच्या जिवाणूवरील आपले काम प्रथम दाखवले ते याच कोनला. १८८१ मध्ये कॉखने घन माध्यमावर जिवाणू वाढवण्याची रीत मांडली. त्यामुळे पाण्यातील जिवाणूंच्या वसाहती मोजणे सोपे झाले. १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात त्याला कॉलऱ्याचा जिवाणू सापडला. आता पाण्याला विचारण्याचा प्रश्न बदलला : ‘तू किती सडले आहेस?’ याऐवजी ‘तुझ्यात रोग आहे का?’

१४/ हा बदल आवश्यक होता. त्याने असंख्य प्राण वाचवले. पण पिण्याच्या पेल्यासाठी योग्य असलेला प्रश्न आख्ख्या नदीला पुरत नाही. पेल्यातील पाणी निर्जंतुक करता येते. नदी निर्जंतुक करता येत नाही, आणि तशी झाली तर ती नदी उरणार नाही. औद्योगिक जर्मनीतील नद्यांना मैला, साखर कारखाने, कागद कारखाने यांचे पाणी पचवावे लागत होते. नदीला किती भार झेपतो आणि ती स्वतःला कोठवर सावरते, हा नवा प्रश्न होता.

१५/ १९०१ मध्ये प्रशियाने पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांच्या परीक्षणासाठी बर्लिनमध्ये स्वतंत्र संस्था उघडली. तेथील रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सोन यांनी १९०२ मध्ये वनस्पती व प्राणी यांच्यावरून पाणी पारखण्याची तत्त्वे मांडली. १९०८ मध्ये वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची सविस्तर यादी आली. कुजलेले या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या जीवांना ‘सॅप्रोबी’ म्हटले. त्यावरून ही पद्धत सॅप्रोबिक पद्धत या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात आदिजीवांना मानाचे स्थान होते.

१६/ पद्धत समजून घ्यायची तर नदीकाठाने चालत जावे. शहराचा नाला नदीला मिळतो तेथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला, जिवाणूंचा महापूर. येथे जाती थोड्या, पण संख्या अफाट. तुटपुंज्या ऑक्सिजनवर निभावणारे आणि जिवाणूंवर ताव मारणारे कोल्पिडियमसारखे पक्ष्माभिकाधारी येथे झुंडीने दिसतात. थोडे खाली गेले की पाण्यात पुन्हा ऑक्सिजन येऊ लागतो आणि देठावर बसलेल्या घंटेसारखे जीव वसाहती करून राहतात. आणखी खाली शैवाले वाढतात, जातींची विविधता भरास येते. शेवटी नितळ पाणी. तेथे प्रत्येक जातीचे मोजकेच प्रतिनिधी.

१७/ अशा चार पायऱ्या त्यांनी ठरवल्या. हॅसलच्या काळातला पेच येथे सुटला. आदिजीव घाणीची खूण की सफाईचे कामगार? दोन्ही, आणि नदी सफाईच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कोण कामावर आले आहे यावरून कळते. व्हॉर्टिसेला या घंटाकृती जीवाचेच उदाहरण घ्यावे. त्याची मायक्रोस्टोमा ही जात अतिशय घाण पाण्यातही तग धरते. कँपॅन्युला ही जात बऱ्याच सुधारलेल्या पाण्यात राहते. कुळ एकच, पण साक्ष वेगळी. नुसते ‘व्हॉर्टिसेला दिसला’ असे लिहिणाऱ्याला नदीने काहीच सांगितलेले नसते.

१८/ येथेच या पद्धतीचे बळ आणि तिची अडचणही आहे. बळ असे, की पाण्याचा नमुना त्या क्षणापुरता बोलतो, तर जीवसमाज मागील दिवसांचा जमाखर्च सांगतो. समजा, एखाद्याने रात्री घाण सोडली आणि पहाटे ती वाहून गेली. दुपारी भरलेल्या बाटलीत कदाचित काही सापडणार नाही, परंतु दगडावरच्या बुळबुळीत थरातील रहिवासी एका रात्रीत पूर्ववत होत नाहीत. अडचण अशी, की हे वाचायला जाती ओळखणारा माणूस लागतो, आणि तो घडायला वर्षे लागतात.

१९/ उत्तर समुद्राच्या पलीकडे इंग्लंडने दुसरी वाट धरली. सांडपाण्यावरील रॉयल कमिशन १८९८ पासून काम करत होते. त्याचा आठवा अहवाल १९१२ मध्ये आला आणि त्याने एक आकडा दिला. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची बीओडी दर लिटरला २० मिलिग्रॅम आणि तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅम यांहून अधिक नसावेत. अर्थात नदीत ते किमान आठपट पाण्यात मिसळत असेल तर. नमुना पाच दिवस ६५ अंश फॅरनहाइट तापमानात ठेवायचा. हा वीस-तीसचा दंडक पुढे जगभर गेला.

२०/ बीओडी म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. बंद बाटलीतील पाण्यात आरंभी किती ऑक्सिजन होता आणि ठरलेल्या दिवसांनी किती उरला, यातील फरकावरून ती काढतात. तो ऑक्सिजन कोण वापरतो? बाटलीतले जिवाणू घाण खातात आणि आदिजीव त्या जिवाणूंना खातात. दोघेही श्वसन करतात. म्हणजे हा कोरडा दिसणारा आकडासुद्धा याच जीवांच्या श्वासांची बेरीज आहे. फरक इतकाच, की हजेरीपटावरची नावे पुसून फक्त एकूण पटसंख्या ठेवली आहे.

२१/ मग आकडा का जिंकला? कारण तो प्रशासनाला सोयीचा होता. तो कोणत्याही प्रशिक्षित साहाय्यकाला काढता येतो. न्यायालयात ‘मर्यादा ३० आणि सापडले ८०’ असे म्हणता येते. ‘कोल्पिडियम फार होते’ असे सांगून दंड ठोठावणे अवघड. जर्मन यादी मध्य युरोपच्या थंड नद्यांवर बेतलेली होती, आकडा कोठेही नेता येत होता. जर्मनांनाही ही ओढ टाळता आली नाही. १९५५ मध्ये पँटल आणि बुक यांनी प्रत्येक जातीला तिच्या पायरीचे मूल्य आणि विपुलतेला गुण देऊन एक ते चार यांच्या दरम्यानचा निर्देशांक काढला. मात्र त्या निर्देशांकाखाली नावांची यादी शिल्लक राहिली.

२२/ इंग्लंडमध्येही हे जीव एका जागेवरून हटले नाहीत : सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून, तयार झालेला गाळ पुन्हा पुन्हा वापरण्याची रीत जाहीर केली. ‘सक्रियित गाळ’ म्हणून ती आज जगभरच्या शहरांत चालते. त्यांना या मार्गावर आणणारे गिल्बर्ट फाउलर पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले. मँचेस्टरचा प्रश्न अशा रीतीने भारतीय प्रयोगशाळेत पोहोचला.

२३/ या धाग्यातील सर्वांत विसरला गेलेला अध्याय येथे आहे. बंगळूरच्या त्याच संस्थेत एस. सी. पिल्लई आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी सक्रियित गाळातील आदिजीवांचा अभ्यास केला आणि १९४२ व १९४४ मध्ये ‘नेचर’मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पाणी शुद्ध करण्याचे श्रेय तोवर जिवाणूंना दिले जात होते. या दोघांनी एपिस्टायलिससारख्या देठावर वसाहत करणाऱ्या आदिजीवांकडे बोट दाखवले आणि खरे काम हे करतात, असा धाडसी दावा केला. हेच सुब्रह्मण्यन पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

२४/ त्यांचा दावा पूर्णपणे टिकला नाही. विरघळलेली घाण खाण्याचे मुख्य काम जिवाणूंचेच, असे पुढील संशोधनाने दाखवले. पण आदिजीवांचे स्थान मात्र पक्के झाले. १९६८ मध्ये इंग्लंडच्या कॉलिन कर्ड्स आणि सहकाऱ्यांनी छोट्या प्रायोगिक संयंत्रांत पक्ष्माभिकाधारी नसताना आणि असताना काय होते ते पाहिले. ते नसताना बाहेर पडणारे पाणी गढूळ आणि जिवाणूंनी भरलेले. ते सोडताच पाणी निवळले. १९७० मध्ये कर्ड्स आणि कॉकबर्न यांनी गाळात कोणते आदिजीव आहेत यावरून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा दर्जा वर्तवण्याची पद्धत दिली.

२५/ याच सुमारास आपल्याकडे कायदे झाले. नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ मध्येच उभी राहिली होती; आज ती नीरी म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या आधी केला. दंडक आकड्यांचेच आले. पाच दिवसांची ब्रिटिश बाटली भारताच्या उष्म्यात तीन दिवस आणि २७ अंश सेल्सिअस अशी झाली. नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम, स्नानयोग्य पाण्याला ३. केंद्रीय मंडळाने पुढे जैविक निकषही तयार केले, पण ते नदीच्या तळावरील किडे, गोगलगाई अशा डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यांवर आधारलेले.

२६/ त्या निवडीला कारण होते. मोठे प्राणी ओळखणे सोपे, आणि ते महिनोन्‌महिने एका जागी राहत असल्याने त्यांची साक्ष लांब पल्ल्याची. आदिजीवांच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. कुजणारी सेंद्रिय घाण ते उत्तम दाखवतात. रासायनिक विषाबाबत मात्र अनेकदा त्यांची सरसकट अनुपस्थितीच काय ती बोलते, आणि विष कोणते हे ती सांगत नाही. जर्मन यादी उचलून कृष्णा-गोदावरीला लावणेही योग्य नव्हे. त्यासाठी येथील नद्यांवर, येथील ऋतूंत तपासलेली यादी हवी. लाहोरच्या बी. एल. भाटिया यांनी १९३६ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत भारतातील पक्ष्माभिकाधारींवर ग्रंथ लिहून पायाचा एक दगड ठेवला होता.

२७/ इतिहासाच्या दृष्टीने मला येथे महत्त्वाचे वाटते ते असे. कार्टरकडे मुंबईच्या पाण्यातील जीवांची ओळख होती, भाटियांकडे नावे होती, पिल्लई आणि सुब्रह्मण्यन यांच्याकडे कार्यकारणभाव होता. तिघांचे काम एकमेकांना जोडून नदीकाठच्या रोजच्या पाहणीत उतरवण्याची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. आकडा स्वीकारणे ही चूक नव्हती. पण आकडा पुरेसा आहे असे मानले गेले, तेव्हा थेंब वाचू शकणारी माणसे घडवण्याची गरजही संपल्यासारखी वाटू लागली. एखादी पद्धत मागे पडते तेव्हा तिच्यासोबत एक कौशल्यही हातावेगळे होते.

२८/ मिठी नदीचेच पाहा. १८६० मध्ये जिच्या उगमाकडचे पाणी मुंबईने विश्वासाने प्यायला घेतले, तीच नदी खाली माहीमच्या खाडीपर्यंत जाताना शहराचे सांडपाणी वाहते. २६ जुलै २००५ च्या प्रलयाने ती नदी आहे याची अनेकांना प्रथमच आठवण करून दिली. तिच्या वाटेवर प्रत्येक मैलाला थांबून थेंबाची हजेरी घेतली, तर कोल्कविट्झ आणि मार्सोन यांच्या पायऱ्या उलट्या क्रमाने उतरताना दिसाव्यात : वर विविधता, खाली गर्दी, आणि जेथे विष मिसळते तेथे कदाचित शांतता.

२९/ यासाठी लागणारी साधने दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्रातील प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकाच्या वहीत पॅरामिशियम काढलेला असतो. चपलेच्या तळव्यासारखा आकार, दोन केंद्रके, कडेने बारीक रेघांनी दाखवलेल्या पक्ष्माभिका. बहुधा तो कायमस्वरूपी रंगवलेल्या काचपट्टीवरून किंवा गवताच्या कुजवणीतून पाहिलेला असतो. तोच सूक्ष्मदर्शक, तीच वही घेऊन गावच्या नदीवर महिन्यातून एकदा जाता येते. वर्षभरात बारा पाने भरतील. कोणत्या महिन्यात कोण आले, कोण नाहीसे झाले, हे त्या पानांवर दिसेल. मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवायला तो चांगला दस्तऐवज होईल, आणि पुढच्या इतिहासकाराला तर निश्चितच.